ॲनिमोन दगडामागं जाऊन बसलंय, काय करू? (खाऱ्या पाण्याची टाकी : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार दादा, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. माझा 3 बाय दीड बाय दीड फुटाचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दीड वर्ष होत आलं, दोन ऑसेलॅरिस क्लाऊन मासे, एक यलो वॉचमन गोबी मासा आणि त्याच्या जोडीला पिस्टल श्रिंप (कोळंबीसारखा जीव), थोडे झोआ (बटणासारखे छोटे जीव) आणि एक टोडस्टूल लेदर (मऊ प्रवाळ) एवढं आहे. रॉक 25 किलोच्या आसपास, सगळा मागच्या काचेला टेकवून भिंत रचलीय. मागच्या आठवड्यात बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, पायानं दगडाला चिकटणारा समुद्री जीव) आणलं, समोरच्या सपाट दगडावर छान ठेवलं होतं, रात्रीत सरकत सरकत मागं गेलं आणि आता काच आणि दगडाच्या मधल्या फटीत अगदी खाली अंधारात बसलंय, बॅटरी मारली तरच दिसतं. अर्धा पाय दगडाला, अर्धा काचेला. दुकानदार म्हणतो ओढून काढा आणि परत समोर ठेवा. घरचे म्हणतात राहू दे जिथं आहे तिथं. सगळा रॉक काढून परत लावायचा म्हटलं तर टँक क्रॅश होईल, म्हणजे पाणी बिघडून सगळेच मरतील, अशी भीती वाटते. काय करू? आणि उन्हाळ्यात पाणी 30 च्या वर जातं त्याचं पण सांगा.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सगळ्यात आधी, ओढू नका. कुणीही सांगितलं तरी ओढू नका. ॲनिमोनचा जीव त्याच्या पायात असतो, तो पाय एकदा फाटला की जखम सडत जाते आणि आठवड्याभरात अख्खं ॲनिमोन विरघळून पाण्यात जातं, मग ते एकटं जात नाही, एवढ्याशा टाकीत अमोनिया चढतो आणि मासे पण घेऊन जातं. म्हणजे तुम्हाला ज्या क्रॅशची भीती वाटतेय तो दगड हलवण्यापेक्षा ओढण्यानं लवकर होईल.

आता ते तिथं का गेलं ते बघू, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. बबल टिप समुद्रात सपाट दगडावर उघड्यावर बसत नाही. दगडाच्या खाचेत पाय खोल घालतं आणि फक्त वरचा फुलोरा बाहेर काढतं, कुणी त्रास दिला की पूर्ण आत ओढून घेतं. तुमच्या सपाट दगडावर त्याला लपवायला काहीच नव्हतं. मग ते रात्री निघालं, पहिली जी घट्ट फट सापडली तिथं घुसलं. पायाची सोय झाली पण उजेडाची झाली नाही. त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून ॲनिमोनला देतं, त्यामुळं अंधारात फार दिवस राहिलं तर ते हळूहळू पांढरं पडत जाणार. घरच्यांचं म्हणणं तसं निम्मं बरोबर आहे, म्हणजे नवीन ॲनिमोनला थोडे दिवस द्यावेतच, पुष्कळदा ते स्वतःच उजेडाकडं वर चढतं. पण तुमची रचनाच अशी आहे की मागच्या काचेला लागून वरपासून खालपर्यंत नुसत्या फटी आहेत, ते वर चढलं तरी मागच्या मागंच फिरत राहणार. म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, रॉक बदला. ॲनिमोनला जागा लादता येत नाही, त्याला पसंत पडेल अशी जागा बांधून द्यावी लागते आणि नको त्या जागा बंद कराव्या लागतात.

रचना कशी करायची? भिंत मोडा आणि दोन वेगळे ढीग करा. मोठा ढीग एका बाजूला, त्यावर झोआ आणि लेदर. लहान ढीग दुसऱ्या बाजूला, तो फक्त ॲनिमोनचा. दोघांच्या मधे मोकळी वाळू, कमीत कमी एक वीत, जमलं तर जास्त, कारण बबल टिप वाढून फूटभर पसरू शकतं आणि त्याच्या शुंडांना जे लागेल ते भाजून निघतं. वाळूवरनं ते सहसा चालत नाही, त्यामुळं मधली वाळू हेच कुंपण. मागच्या आणि बाजूच्या काचेपासून पण दोन्ही ढीग सुटे ठेवा, एवढे की स्क्रेपर आरामात आत जाईल. काच साफ करायला पण बरं पडतं आणि मागं घाण साचत नाही.

लहान ढिगाचा वरचा दगड नीट निवडा, सगळं काम त्याच्यावर आहे. त्याला वरच्या किंवा पुढच्या तोंडाला एक खाच पाहिजे, तुमचं मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जाईल एवढी खोल, तोंडाशी दोन-तीन बोटं रुंद, आणि मुख्य म्हणजे मागनं बंद. आरपार भोक असलं तर ते त्यातनं पलीकडं जाईल आणि परत तुम्ही बॅटरी घेऊन शोधत बसाल. खाच आरपार असेल तर मागचं तोंड ॲक्वेरियमच्या इपॉक्सी पुट्टीनं दगडाचा तुकडा बसवून बुजवा. खाचच नसेल तर कोरडा दगड आणून छिन्नीनं किंवा ड्रिलनं पाडता येते, रॉक सच्छिद्र असतो, फार कष्ट पडत नाहीत. उंची साधारण टाकीच्या मधोमध ठेवा. म्हणजे त्याला आणखी उजेड हवा असला तर मान वर काढेल, नको असला तर आत घेईल.

आता पिस्टल श्रिंप. हा तुमच्या टाकीतला खरा धोका आहे आणि तुम्ही तो सहज लिहून गेलात! तो दिवसभर दगडाखालची वाळू उकरत असतो. दगड वाळूवर ठेवला असेल तर एक दिवस ढीग कलणार, आणि कललेला दगड ॲनिमोनवर, माशावर नाहीतर काचेवर पडणार. खालचे दगड वाळू बाजूला सारून थेट तळाच्या काचेवर टेकवा, चुलीच्या दगडांसारखे तीन ठिकाणी पक्के, मग त्यांच्याभोवती वाळू परत ओढा. वरचा दगड नुसता ठेवू नका, सुपर ग्लू जेल आणि पुट्टी दोन्ही लावून चिकटवा किंवा ॲक्रिलिकचा रॉड घाला. ढीग झाल्यावर हाताने ढकलून बघा, डुगडुगला तर परत काढा. इथं कंटाळा करू नका.

प्रत्यक्ष कामाचा दिवस सुट्टीचा ठेवा आणि सकाळी लवकर सुरू करा. तुमच्या टाकीत काचेच्या मापानं 190 लिटर येतं, रॉक-वाळू वजा जाता 160 धरा. आदल्या दिवशी 40 लिटर आरओ पाण्यात मीठ घालून ठेवा, साधारण दीड किलो मीठ लागेल, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 आणि तापमान टाकीएवढं करून रात्रभर एअरपंप नाहीतर पॉवरहेड (पाणी ढकलणारा छोटा पंप) चालू ठेवा. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडं सांगली-मिरजेला बोअरला क्षार किती येतात ते गीझर उघडला की दिसतंच. बादल्या नवीन घ्या, साबण-सर्फ कधी न लागलेल्या.

हात घालायच्या आधी हीटर, रिटर्न पंप, वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारा पंखा) सगळं प्लगमधनं काढा. हीटर विसरू नका, पाणी खाली गेल्यावर चालू हीटर उघडा पडला की काच तडकते. हातमोजे घाला, लांब बाह्यांचे. दगडातल्या ब्रिसल वर्मचे काटे बोटात गेले की दोन दिवस ठणकतं, आणि झोआ तर त्याहून वाईट, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं, हाताला कापलेलं असेल किंवा हात डोळ्याला गेला तर दवाखाना गाठावा लागेल.

टाकीतलंच पाणी दोन टबमधे काढा. एकात झोआ-लेदरचे दगड, एकात मासे, माशांच्या टबात एअरस्टोन आणि वर जाळी, कारण गोबी उडी मारतो. दगड पाण्याबाहेर हवेत ठेवू नका, वरचे जीव टिकतील पण आतले बॅक्टेरिया आणि स्पंज मरतील आणि तोच अमोनिया. भिंत वरनं एकेक करून उतरवा. जसजसा मागचा भाग मोकळा होईल तसा साचलेला काळपट गाळ पाइपनं ओढून घ्या, दीड वर्षाचा गाळ आहे तो, उडू देऊ नका. वाळू ढवळू नका. कुठं काळी वाळू लागली आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तिथं हात थांबवा, तेवढी वाळू पाइपनं सरळ बाहेर काढा.

ॲनिमोन सगळ्यात शेवटी. तोपर्यंत त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या झालेल्या असतील आणि वरनं उजेड पडेल. अर्धा पाय काचेला आहे म्हणता, तो भाग सोपा. जुन्या एटीएम कार्डाची गोल कड पायाच्या काठाखाली हळूच घालायची, एक मिलिमीटर, थांबायचं, ते आकसतं, परत एक मिलिमीटर. घाई केली की पाय फाटला. काचेवरनं सुटलं की ते एकट्या दगडावर राहिलं, मग तो दगड ॲनिमोनसकट उचला, पाण्यातल्या पाण्यात टबमधे घ्या. तोच दगड खाचेचा असला आणि नवीन ढिगात बसत असला तर प्रश्नच मिटला, तसाच वापरा. नसला तर बर्फाचा तुकडा झिपच्या पिशवीत घालून दगडाच्या मागच्या बाजूनं पायाजवळ धरा, ॲनिमोनला चिकटवू नका. थंडी नको म्हणून ते पकड सैल करतं. नाहीतर छोट्या पॉवरहेडचा झोत पायावर सोडा. तासभर लागला तर तासभर लागू द्या.

सुटल्यावर त्याला नवीन खाचेत पाय खाली करून ठेवायचं आणि वरनं तांदूळ धुवायची प्लास्टिकची रोवळी पालथी घालायची, स्वयंपाकघरातली नको, नवीन आणा. वेव्हमेकर बंद. पाय दगडाला लागला की ते चिकटायला लागतं, कधी अर्ध्या तासात, कधी संध्याकाळ होते. बोटानं हलकं हलवून बघा, सरकलं नाही म्हणजे धरलं. मग रोवळी काढा आणि वेव्हमेकर सगळ्यात कमी स्पीडवर सुरू करा.

आणि वेव्हमेकरला जाळी लावल्याशिवाय ही गोष्ट करूच नका. घरातल्या टाकीतली ॲनिमोन फार करून अशीच जातात, रात्री फिरताना पंख्यात अडकतात आणि सकाळी सगळं पाणी पांढरट गढूळ झालेलं असतं. स्पंज बांधा, जाळी बांधा, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी बाहेर जातं त्या, तोंडाला पण. जागा बदलल्यावर ते परत फिरणारच नाही याची खात्री नसते, पहिले दोन आठवडे तर विशेष लक्ष ठेवा. लाईट पण लगेच पूर्ण सोडू नका, अंधारातनं आलंय, निम्म्यावर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या.

त्या रात्री अमोनिया तपासा, दुसऱ्या दिवशी परत, आणि पुढचे चार-पाच दिवस रोज. जरा जरी दिसला तर तयार ठेवलेलं पाणी बदला, म्हणजे 40 लिटर वापरून झाल्यावर लगेच आणखी तेवढंच करून ठेवायचं. पुट्टी लावल्यावर स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस काढतो, एकदोन दिवस कप भरून वाहतो, घाबरू नका, कपाचं झाकण काढून ठेवा किंवा हवा कमी करा. पाणी गाळायच्या कार्बनची एक पिशवी टाका. ॲनिमोन दोनचार दिवस आकसेल, तपकिरी चिकट दोरे टाकेल, ते चालतं. तोंड उघडं पडून आतलं बाहेर आलं, हाताला बुळबुळीत लागलं आणि घाण वास आला तर मात्र गेलं, तासाभरात बाहेर काढा. खायला लगेच घालू नका. नीट फुललं की मग कोळंबीचा चण्याएवढा तुकडा आठवड्यातनं एकदा, मोठा घातला तर रात्री ओकून टाकतं.

उन्हाळ्याचं. पाणी 25 ते 27 ला ठेवायचं. आपल्याकडं एप्रिल-मे मधे हवा कोरडी असते, त्यामुळं पाण्यावरनं वारा जाईल असा छोटा पंखा लावला की दोन-तीन डिग्री सहज उतरतात, फक्त पाणी उडतं ते साध्या आरओ पाण्यानं भरायचं, मिठाच्या नाही. जूनमधे हवा दमट झाली की पंखा काही काम करत नाही, पण तोवर ऊन पण उतरलेलं असतं. त्यानं भागलं नाही तर चिलरच. आणि हे दगडाचं काम ऐन उन्हाळ्यात करू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि टबातले मासे आधी दमतात. दुपारी लाईट जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअरपंप हाताशी असू दे.

प्रश्न : मालवणला फिरायला गेलेल्या मित्रानं समुद्रातनं कोरलचे दगड आणलेत, काहींवर बटणासारखे जीव पण आहेत. म्हणतो उकळून घे आणि ॲनिमोनच्या टाकीत लाव, रॉकचे पैसे वाचतील. चालेल का? नाहीतर आपला काळा दगड किंवा जांभा वापरला तर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : उकळू नका! बाकीचं नंतर वाचा, आधी गॅस बंद. ते बटणासारखे जीव झोआ किंवा त्याच जातीतले असणार, त्यांचं विष उकळून जात नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशात असा दगड घरात उकळून किंवा घासून घरातली सगळी माणसं ताप, खोकला, दम लागून दवाखान्यात गेल्याच्या नोंदी आहेत. ब्रशनं घासणं, गरम पाणी ओतणं, प्रेशरनं धुणं, यातलं काहीच नको. दगड हाताळायचेच झाले तर हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि लहान मुलं लांब.

दुसरं, कडक प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मेलेला तुकडा किनाऱ्यावर पडलेला होता म्हणून सुटका होत नाही. मित्राला हे नीट सांगा, आणि वनविभागाच्या ऑफिसला विचारून त्यांच्याकडं द्या. तिथल्या प्रवाळावर आधीच पर्यटनाचा, बोटींच्या नांगरांचा ताण आहे, आपल्या टाकीच्या शोभेसाठी तो तोडायचा नाही, एवढं या छंदातल्या प्रत्येकानं पाळलं पाहिजे असं मला फार वाटतं.

काळा दगड, म्हणजे आपला सह्याद्रीचा बेसाल्ट, पाण्यात तसा विरघळत नाही, पण घट्ट असतो, आत भोकं नाहीत म्हणून बॅक्टेरियाला जागा कमी आणि वजन फार. तळाला एखादा आधाराला चालेल, सगळी टाकी त्याची करू नका. जांभा दिसायला सच्छिद्र आहे पण त्यात लोह भरपूर, खाऱ्या पाण्यात शेवाळाला आमंत्रण, मी तो घालणार नाही. माणसांनी बनवलेला सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा रॉक मिळतो तो घ्या. सिमेंटचा असेल तर साध्या पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवून, पाणी बदलत, पीएच खाली येईपर्यंत थांबावं लागतं. ॲनिमोनची खाच हवी तशी त्यात आधीच पाडून घेता येते, हा त्याचा मोठा फायदा.

प्रश्न : सर, माझा 2 बाय 1 चा टँक आहे, पाच महिने झाले. हॅडोनी कार्पेट ॲनिमोन फार आवडतं. दगड कसे हलवले तर ते बसेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दगड कसेही हलवलेत तरी नाही बसणार. हॅडोनीला दगड नकोच असतो, वाळू लागते. पाय चार-पाच इंच वाळूत गाडून वर चटईसारखं पसरतं, पूर्ण वाढलं तर अडीच फुटांच्या आसपास, म्हणजे तुमच्या टाकीपेक्षा मोठं. शिवाय त्याची पकड जबरदस्त, जवळनं जाणारा मासा धरून गिळतं. त्यात टाकी पाच महिन्यांची. कुठल्याही ॲनिमोनसाठी वर्षभर जुनी, नायट्रेट आणि खारटपणा स्थिर असलेली टाकी लागते. आत्ता मशरूम कोरल किंवा झोआ लावा, रत्नागिरीला गेलात तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघून या, आणि मोठी टाकी घ्याल तेव्हा मला परत लिहा, अर्धी टाकी नुसती वाळूची कशी ठेवायची ते तेव्हा सांगतो.

प्रश्न : तुम्ही मागं सांगितल्याप्रमाणे दगडाचा वेगळा ढीग केला, बबल टिप बरोबर खाचेत बसलंय, महिना झाला हललं नाही. पण क्लाऊन त्याच्याकडं बघत पण नाहीत, पंपाच्या कोपऱ्यात झोपतात. दुसरं ॲनिमोन आणू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : महिनाभर एका जागी बसलंय म्हणजे अवघड काम झालंय, अभिनंदन. दुसरं आणू नका. ऑसेलॅरिस समुद्रात बबल टिपमधे राहत नाही, त्याची ॲनिमोन वेगळी, मॅग्निफिका, जायगँटिया, मर्टेन्साय अशी. शिवाय आता मिळणारे क्लाऊन बरेचसे हॅचरीत जन्मलेले, त्यांनी ॲनिमोन कधी बघितलेलंच नसतं. काही आठवड्यात जातात, काही वर्षानं, काही कधीच नाही, आणि क्लाऊनला टाकीत ॲनिमोन नसलं तरी काही अडत नाही. मासे हातानं धरून त्यात ढकलायचा प्रकार काहीजण करतात, तो करू नका. एक करून बघा, पंपाच्या त्या कोपऱ्यातला झोत थोडा वाढवा म्हणजे त्यांना तिथं झोपणं अवघड जाईल, आणि रोजचं खाणं ॲनिमोनच्या ढिगापाशी टाकत जा. उलट ते एकदम आत शिरले आणि ॲनिमोन अजून लहान असलं तर ते त्याला इतकं घुसळतात की ते दिवसभर आकसून बसतं, तसं झालं तर जाळीचा डबा पालथा घालून त्याला काही दिवस माशांपासून वेगळं ठेवा.